दोन पाय आणि कानाचा तुकडा

दादा,

मंगळवारी सकाळी तू शेळ्यांना पाला टाकलास, आत आलास आणि खुर्चीत बसलास. मी चहा घेऊन आले तेव्हा तू गेला होतास.

दुपारी तुला आपल्या ख्रिस्ती मंडळीच्या हॉलमध्ये नेलं. आपलं घर लहान, माणसं मावायची नाहीत, असं दानिएलकाका म्हणाले आणि त्यांनी खिशातून किल्ली काढली. मी त्यांच्या मागेच उभी होते. किल्ली फिरली, कडी निघाली, दार आत गेलं. बस, एवढंच. ज्यासाठी तू सगळ्या मंडळीपुढे उभा राहिलास, ज्यापायी तुझा उपदेश बंद झाला, ते काम इतकं लहान होतं. एका हाताचं.

मला तेव्हा रडू आलं नाही. राग आला, आणि तो अजून गेलेला नाही.

मग दानिएलकाका तुझ्याविषयी बोलायला उभे राहिले. मंडळीचे मुख्य पंच म्हणून तो मान त्यांचाच. तुझ्या उशाशी उभं राहून ते म्हणाले, “आमचे मास्तर म्हंजी ह्या मंडळीचे आमोस व्हते. जे पटलं ते तोंडावर बोलले. आसा मानूस देवानं आपल्याला दिला ही त्याची कृपा.” मागच्या खुर्च्यांवरून ‘आमेन’ आलं. बायकांनी डोळे पुसले. मी तुझ्याकडे बघितलं. तुझ्या तोंडावर काहीच नव्हतं. जिवंतपणी असं काही ऐकलं असतंस तर तुझी डावी भुवई वर गेली असती आणि घरी येईपर्यंत खाली आली नसती.

तुला सगळं माहीत आहे. तरी मी क्रमानं लिहिते, कारण हॉलमध्ये त्या दिवशी जे सांगितलं गेलं ते तसं घडलेलं नव्हतं.

आमोस तुझ्या आवडीचा. येशूच्या कित्येक शतकं आधी झालेला हा इब्री संदेष्टा ना पुरोहित होता, ना संदेष्ट्याचा मुलगा. मेंढरं राखायचा आणि उंबराच्या झाडांची निगा करायचा. देशात सुबत्ता होती, सण थाटात होत होते, आणि हा रानातला माणूस राजाच्या देवळात जाऊन सांगत होता की तुमचा निवाडा ठरलेला आहे. गरिबाला पायताणाच्या मोलानं विकता, माप मारता, आणि वर देवापुढे गाणी म्हणता. तू जिल्हा परिषदेच्या शाळेतला मास्तर. पाळकसाहेब शहरातून महिन्यातून एकदाच येत, म्हणून बाकीच्या रविवारी उपदेश तुझ्याकडे. आपल्या दारात शेळ्या होत्या आणि विहिरीवर उंबर होतं. “सगळं सामान आहे, शांते,” तू म्हणायचास, “फक्त बोलावणं यायचं राहिलंय.”

“आलं तरी जाऊ नकोस,” मी म्हणायचे. “आधी चहा घे.”

आपल्या लहानपणी बिबट्या ही डोंगरातली गोष्ट होती. मग तिकडे आंबेगावात धरणाखाली गावं गेली, इकडे कालव्याला पाणी आलं, बाजरीच्या जागी ऊस उभा राहिला आणि बिबट्याच्या माद्या उसातच विऊ लागल्या. वारूळवाडीपासून निमगाव साव्यापर्यंत ज्याच्या त्याच्या तोंडी तीच गोष्ट. कुणाचं कुत्रं गेलं, कुणाचं वासरू. आपली शेळी गेली ती बऱ्याच वर्षांपूर्वी, दिवाळीच्या आधी. फॉरेस्टचा गार्ड मोटरसायकलवरून आला.

“काय ऱ्हायलंय का, मास्तर?” त्यानं विचारलं. “नुसतं नेली म्हनून भागत न्हाई. पंचनाम्याला कायतरी दाखवावं लागतंय.”

तू गोणपाट उचललंस. खाली दोन पाय होते आणि कानाचा एक तुकडा. ते बघून तू हसायलाच लागलास.

“शेळी गेली आन् हसताय व्हय?”

“भाऊ, हा पंचनामा लई जुना हाय,” तू म्हणालास, आणि अंगणात उभ्या उभ्या त्याला आमोस सांगितलास. त्या काळीही दुसऱ्याची मेंढरं राखणाऱ्याला मालकापुढे असाच पुरावा ठेवावा लागे. जनावर मी विकलं नाही, सिंहानं नेलं, हे बघा दोन पाय, हा कान. आमोस आपल्या लोकांना म्हणाला, तुम्हीही वाचाल, पण ते असे वाचाल.

गार्डनं जरा विचार केला. “म्हंजी वाचनारच न्हाईत.”

“बघ,” तू माझ्याकडे वळून म्हणालास. “मंडळीला वर्षानुवर्षं सांगतोय. याला एका शेळीत कळलं.”

तेव्हा आपण हसलो. ते हसणं मला आता आठवत नाही असं झालं तर बरं होईल.

थोड्याच दिवसांत ऊसतोडीची टोळी आली. मुकादमाला माणसं फडाजवळ हवी असतात, म्हणून कोप्या नेहमीसारख्या उसाच्या कडेलाच उभ्या राहिल्या. चार बांबू आणि पाचटाची शेकारणी. दाराच्या जागी साडी. आत लेकरं. तू ते बघून आलास आणि तसाच दानिएलकाकांच्या ओट्यावर गेलास. मी बरोबर होते.

“हॉल सोमवार ते शनिवार मोकळाच असतो, काका. लेकरं आणि त्यांच्या आया दिवस मावळायच्या आत येतील, पहाटे जातील. मी झाडून देईन.”

“मास्तर, हॉल देवाच्या कामाचा हाय.”

“मग हे कुणाचं काम हाय?”

“चुली पेटवतील, भिती काळ्या व्हतील. आत्ताशी कुठं फरशी बसवली. आन् आज ह्यांना दिला, मंग उद्या कुनाला न्हाई म्हनायचं?”

“कुनालाच म्हनू नगा.”

“तुमी राव लईच पुस्तकी.” काका हसले. “बसा, चहा घ्या.”

त्यांचाही ऊस त्याच टोळीला तोडायचा होता, हे मी इथं लिहून ठेवते. आणि हेही लिहून ठेवते की आपले आजे आणि त्यांचे आजे वेशीबाहेर राहत होते. मिशनच्या शाळेच्या दारात त्यांना पहिल्यांदा कोणीतरी ‘आत ये’ म्हणालं. त्या दोन शब्दांवर आपण सगळे शिकलो, नोकऱ्यांना लागलो, फरशीवाले झालो. गावातली दुसरी कुठली दारंही त्या लेकरांसाठी उघडली नाहीत. पण ‘आत या’ म्हणण्याचा वारसा आपल्याला मिळाला आहे, असं दुसरं कोणी दर रविवारी म्हणत नव्हतं. आपण म्हणत होतो.

त्या रविवारी तू आमोस सांगितलास. नावं घेतली नाहीस. बाहेर लेकरं उघड्यावर असताना आपण आत बंदोबस्तात असू तर आपल्या उपासनेचा देवाला कंटाळा येतो, एवढंच म्हणालास. लोकांनी कान देऊन ऐकलं आणि भलतंच ऐकलं. सगळ्यांच्या ध्यानात राहिला तो आमोसचा सिंह. बाहेर पडता पडता मी बोलणं ऐकलं: मास्तर बरोबर म्हणतात, बिबट्या ही देवाची शिक्षाच आहे. कशाची? तर दारूची, नारायणगावच्या राहुट्यांतल्या तमाशाची, जत्रेतल्या बोकडांची. म्हणजे आपली सोडून बाकी सगळ्यांच्या पापांची. मग बिबट्या जावा म्हणून उपास-प्रार्थना ठरली. त्याच हॉलमध्ये, त्याच फरशीवर सतरंज्या अंथरून माणसं गुडघ्यावर बसली. कोप्यांतल्या लेकरांसाठीही कोणी तरी प्रार्थना केली. दार आतून लावून.

पुढे फॉरेस्टनं लावलेल्या पिंजऱ्यात एक मादी सापडली. गाव लोटलं. भेळेची गाडीसुद्धा आली. पुढच्या रविवारी उपकारस्तुती झाली आणि दानिएलकाकांनी तुझा हात हातात घेतला. “मास्तर, तुमच्या उपदेशाला फळ आलं बघा.”

तू घरी येऊन भिंतीला टेकून बसलास. “न्यायाचा दिवस यावा म्हणून हे लोक वाट बघतात,” तू म्हणालास, “कारण त्यांना वाटतं तो शेजाऱ्यासाठी येणार आहे. आमोसनं नेमकं हेच सांगितलं होतं. सिंहाला चुकवून पळालेल्या माणसाला पुढे अस्वल भेटतं. त्यातूनही घरी पोचला, हुश्श करून भिंतीला हात टेकला, तर भिंतीत साप. शांते, तो साप बाहेरून येत नाही. तो घरचाच असतो.”

“मग बिबट्या?”

“बिबट्या भुकेला आहे. त्याला कशाला मधे घेतेस?”

मनी पाच-सहा वर्षांची असेल. पारूबाईची मुलगी. बीडकडची माणसं. ती आपल्याकडे करडाला पाला भरवायला यायची. करडाचं नाव तिनं ‘मुकादम’ ठेवलं होतं, कारण ते काम काही करत नाही, नुसतं ओरडतं. तू हे शाळेत जाऊन सगळ्या मास्तरांना सांगितलंस. दिवेलागणीला पारूबाई कोपीपुढे भाकरी थापत होती आणि मनी तिच्या पाठीशी, पाचटाला टेकून बसली होती. बिबट्या फडातून आला आणि फडात गेला. पारूबाईच्या हातात भाकरी तशीच होती.

मनी सकाळी सापडली. गार्ड तोच होता. या वेळी त्यानं काय राहिलंय असं विचारलं नाही. मीही लिहिणार नाही.

तू पारूबाईपुढे जाऊन बसलास.

“मास्तर, आसं व्हईल हे तुमाला ठाव व्हतं?”

“व्हतं.”

“सांगितलं व्हतं का कुनाला?”

“सांगितलं व्हतं.”

“मंग?”

ती टोचून बोलत नव्हती. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं. सांगितल्यावर पुढे काय होतं, हे तिला माहीत नव्हतं, कारण तिचं कोणी कधी ऐकून घेतलं नव्हतं. तिला वाटलं असेल, शिकलेल्या माणसाचं ऐकत असतील. जगातल्या सगळ्या संदेष्ट्यांना त्या एका शब्दाचं उत्तर द्यावं लागेल. तू दिलं नाहीस.

पुढचा रविवार नाताळाच्या आधीचा. चर्चमध्ये कागदी चांदण्या लागल्या होत्या. हार्मोनियमवर गाणं सुरू झालं, आणि तू आपल्या जागेवरून उठून चालत गेलास आणि वाजवणाऱ्याच्या बोटांवरून हळूच झाकण ओढलंस. भात्याची कडी लावलीस. इतक्या शांतपणे, की लोकांना वाटलं काही बिघाड झाला आहे.

“आज गाणं नको,” तू म्हणालास. “त्याला ऐकायचं नाहीये.”

मग बोललास. संदेष्ट्याला न्याय पाण्यासारखा वाहायला हवा होता, तू म्हणालास, आणि आपल्याकडे पाणी कसं वाहतं ते सगळ्यांना माहीत आहे. ज्याची मोटर मोठी त्याच्याकडे. टेलच्या, शेवटच्या टोकाच्या माणसानं वर बघत बसायचं. आपण देवाच्या कृपेच्या कालव्यालाही मोटरी लावल्या आहेत. मग तू हात पुढे केलास. “हॉलची किल्ली द्या. अजून लेकरं आहेत तिथं.”

दानिएलकाका उभे राहिले. आवाज चढवला नाही त्यांनी, ते मान्य करते. “मास्तर, नाताळ हाय. लेकराबाळांपुढं हे नगा. तुमाला सांगायचंच आसंल तर आपल्या घरी जाऊन सांगा.”

तुझी भुवई वर गेली. मला कारण कळलं, आणि तिथं बसलेल्यांपैकी आणखी कुणालाही कळलं नसणार. राजाच्या देवळातल्या पुरोहितानं आमोसला हेच सांगून हाकललं होतं: आपल्या मुलखात जा, तिथं भाकर खा, तिथं काय सांगायचं ते सांग, हे राजाचं देऊळ आहे. काकांनी ते वाचलेलं नव्हतं. न वाचताच त्यांना ते तोंडपाठ होतं.

पुढच्या आठवड्यात पंच बसले आणि तुझा उपदेश बंद झाला. हे आहे ते, दादा. ‘देवानं आपल्याला आसा मानूस दिला’ यामागे हे आहे.

आणि आता तुझ्यावरचा राग. तोही मी लपवणार नाही, मेलास म्हणून सवलत नाही. तू परत कधी बोलला नाहीस. दर रविवारी शेवटच्या बाकावर जाऊन बसलास, दानिएलकाकांशी हात मिळवलास, नाताळात त्यांच्या घरच्या करंज्या खाल्ल्यास. मी ताटाला हात लावला नाही, तर मलाच म्हणालास, “खा गं, करंजीनं काय केलंय?” मी भांडले. आमोसनं परत जाऊन करंज्या खाल्ल्या असत्या का, असं विचारलं. तू म्हणालास, “तो निरोप देऊन आपल्या गावी गेला. मला याच गावात राहायचंय.”

बोलण्याऐवजी तू पडवी रिकामी केलीस. दर हंगामात तीन बिऱ्हाडं आपल्या पडवीत आणि शेळ्या आपल्या स्वयंपाकघरात. शाळेच्या वाचनालयातून आणलेल्या पुस्तकांवर लेंड्या. मी त्या झाडत होते आणि तुला बोल लावत होते. पण माझा संसार मोडून मी परत आले त्या दिवशी तूच दार उघडून बाजूला झाला होतास. सामान किती आहे एवढंच विचारलं होतंस. त्या दारातून आत आलेल्या बाईनं दुसऱ्यांच्या येण्याबद्दल कुरकुर करावी, हे तू मला कधी बोलून दाखवलं नाहीस. त्याबद्दल मी तुझी ऋणी आहे. बोलला असतास तर मी तुला माफ केलं नसतं.

आपलं एक भांडण अर्धंच राहिलं. तू पाला तोडत होतास आणि मी विचारलं होतं, “हा कसला निवाडा? पाप बंगल्यात आणि शिक्षा कोपीत. तुझ्या देवाला पत्ता सापडत नाही का?”

तू कोयता खाली ठेवलास. “तो निवाडा नव्हता, शांते. तो गुन्हा होता. निवाडा अजून यायचाय.”

“केव्हा?”

तू पाला उचललास आणि शेळ्यांकडे गेलास. त्यानंतर मी कितीदा तरी तो विषय काढला आणि तू प्रत्येक वेळी शेळ्यांकडे गेलास. मंगळवारीसुद्धा मी चहा घेऊन येताना तेच विचारणार होते. रेडिओवर बातमी होती, निमगावच्या अंगाला पुन्हा एक मूल गेल्याची. तुझ्याकडे उत्तर नव्हतं असं मला वाटतं. उत्तर नाही, असं म्हणायची तरी हिंमत करायची होतीस.

तुला माती देऊन आलो तेव्हा दानिएलकाका पाहुण्यांच्या गडबडीत होते. त्यांनी माझ्या हातात किल्ली दिली. “शांताबाई, तेवढा हॉल बंद करून घ्या.” जाता जाता म्हणाले की हॉलला तुझं नाव द्यायचं पंचांच्या मनात आहे. दारावर संगमरवरी पाटी. कुलूप त्या पाटीच्या खाली येईल, हे त्यांच्या ध्यानात आलं नसावं.

मी आत गेले. फरशी खरंच स्वच्छ होती, दादा. इतक्या वर्षांत तिच्यावर एक चरा नाही. तुझ्या शवपेटीखाली त्यांनी चादर घातली होती, फरशी खराब होऊ नये म्हणून. मी खुर्च्या एकावर एक रचल्या, बाहेर आले, आणि दार नुसतं ओढून घेतलं. घरी येताना विहिरीपाशी उंबराखाली थांबले. मी आयुष्यात कधी काही फेकलेलं नाही. कुलूप पाण्यात पडल्याचा आवाज माझ्या अपेक्षेपेक्षा लहान आला.

परवा टोळी आली. कोप्या उभ्या राहायच्या आधी मी जाऊन सांगितलं, हॉलमध्ये राहा. पहिल्यांदा त्यांचा विश्वास बसला नाही. त्यातली एक म्हातारी म्हणाली, “बाई, कुनाला इचारलंय का?” मी म्हटलं, विचारून झालंय, फार पूर्वी.

काल संध्याकाळी दानिएलकाका आले. हॉलच्या पायरीखाली उभे राहिले. तव्यावरच्या भाकरीचा वास येत होता. चुली बाहेरच होत्या, आडोशाला, पण वासाला कोण अडवणार.

“शांताबाई, ही काय पद्धत झाली?”

“मास्तर आमोस होते, असं तुम्हीच म्हणालात, काका.”

“ते येगळं. ते बोलायचं आसतंय.”

मी किल्ली त्यांच्या हातावर ठेवली. त्यांनी ती बघितली, दाराची कडी बघितली.

“आन् कुलूप?”

“विहिरीत आहे.”

ते काही बोलणार होते. तेवढ्यात एक बाई कडेवर मूल घेऊन दारात आली. तिला वाटलं, कोणी भेटायला आलं आहे. “पावणं, भाईर का उभं? आत या की,” ती म्हणाली.

काकांनी सवयीनं चपला काढल्या. एक पाय पायरीवर ठेवला. मग तो मागे घेतला, चपला घातल्या आणि किल्ली खिशात टाकून गेले.

तुझ्या शेळ्यांना मी पाला घालते. त्या मला ओळखत नाहीत, तुझ्या खुर्चीकडे बघून ओरडतात. पंचांची बैठक रविवारी उपासनेनंतर आहे. तुझ्या पाटीचा विषय आहे आणि माझाही आहे. हॉल उघडा आहे. नारायणगावच्या बाजारात कुलपं मिळतात. नवं अजून कोणी आणलेलं नाही.